नडगीएवढा कठडा

माणसाचे दोन पाय कमी पडतात म्हणून त्याला ॲल्युमिनियमचे आणखी दोन बांधायचे, जमिनीपासून तीन फूट वर उचलायचं, एका हातात पुट्टीचं ताट आणि दुसऱ्या हातात ती ओढायचा पत्रा द्यायचा, मान वर करून काम करायला लावायचं, आणि तो पडला की विचारायचं, "डोळे नव्हते का?" माझी नोकरी म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्यांशी भांडणं. पगारपत्रकावर त्याला 'सेफ्टी ऑफिसर' असं भारदस्त नाव होतं.

या अंकाच्या संपादिकाबाईंनी मला "तुमच्या क्षेत्रातला एखादा गोड अनुभव लिहा" असं सांगितलं होतं. गोड हवं असेल तर त्यांनी मिठाईवाल्याकडून लेख मागवायला हवा होता. माझ्याकडे आहे तो असा आहे.

मी मूळची सांगलीची. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, लग्नानंतर बासनात बांधून ठेवलेला. यजमान बँकेत. त्यांची चेन्नईला बदली झाली आणि आम्ही मैलापूरला भाड्याचं घर घेतलं. मुलगी कॉलेजात गेली, मला तमिळ लिहिता-वाचता यायला लागलं, घरात करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा एका इंटिरिअर कंत्राटदाराच्या कंपनीत मुलाखतीला गेले. तो काळ म्हणजे दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर काचेच्या इमारती पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या आणि प्रत्येकीला आतून पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग हवं होतं. कंपनीला कुठल्याशा परदेशी ग्राहकाच्या अटीमुळे एक सेफ्टी ऑफिसर नेमावा लागणार होता. पुरुष नेमला असता तर त्याला खरं काम द्यावं लागलं असतं. म्हणून मला नेमलं. हे मला नंतर कळलं, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनी ते कौतुक म्हणून सांगितलं.

आता धंदा समजावून सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फॉल्स सीलिंग म्हणजे खऱ्या छताखाली पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा टांगायचा आणि त्याला जिप्समचे बोर्ड ठोकायचे. दोन बोर्डांमधला सांधा पुट्टीनं भरून, घासून असा गुळगुळीत करायचा की तो होता हे कुणाला कळू नये. हे काम डोक्यावरचं. शिडी लावली तर दर चार फुटांना उतरा, सरकवा, चढा. चाकांची परांची बरी, पण ती ढकलायला माणूस लागतो. म्हणून कंपनीनं बाहेरून स्टिल्ट मागवले. मराठीत त्यांना पायकाठ्या म्हणतात असं मला शब्दकोशात सापडलं. बोलताना कुणी म्हणाल्याचं ऐकलेलं नाही. आमचे कामगार कट्टैक्काल म्हणायचे, म्हणजे लाकडी पाय. खाली रबरी तळवा, मध्ये कमीजास्त होणारा दांडा, वर पाऊल ठेवायला पाट, आणि पोटरीला कवटाळणारा पट्टा. चांगला कारागीर ते बांधून खोलीभर फिरतो आणि शिडीवाल्याचं दिवसाचं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकतो. कंपनीला त्यातलं एवढंच वाक्य ऐकू आलं.

स्टिल्टबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती मी पाठ केली आणि भिंतीवर तमिळमध्ये तक्ते लावले. त्या तक्त्यांकडे बघून जो माणूस मोठ्यानं हसला तो सेल्वम.

सेल्वम तंजावरकडच्या एका खेड्यातला. त्याचा बाप आणि आजा देवळांच्या जत्रेत कट्टैक्कालवर नाचायचे, तोही वयाच्या आठव्या वर्षापासून नाचला. बायको मल्लिका एन्नोरची. लग्नानंतर तिच्या गावी आला, वर्षातून दोन जत्रांवर पोट भरेना म्हणून पुट्टीच्या कामाला लागला. चाळिशीचा, काटकुळा, बोलण्यात कुणाची भीड नाही. कंपनीच्या नोंदीत त्याचा हुद्दा होता 'हेल्पर'. स्टिल्टवर जन्म काढलेला माणूस हेल्पर, आणि पुस्तिका वाचलेली मी ऑफिसर.

"मॅडम," तो म्हणाला, "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. का?"

"तुम्ही कधी बांधलेत का पायाला?"

मी पुस्तिका पुढे केली.

"मग हे स्वैपाक न करणाऱ्या बाईनं सांगितलेलं सांबार आहे," असं म्हणून तो कामाला निघून गेला.

मला राग आला. घरी जाऊन यजमानांना सांगितलं तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरोबरच आहे की त्याचं." मग जास्त राग आला. दुसऱ्या आठवड्यात मी गुम्मिडिपूंडीच्या आमच्या गोदामात सेल्वमला घेऊन गेले, पॅकिंगच्या फोमचे थर जमिनीवर अंथरले, सलवार पोटरीशी दोऱ्यानं आवळली आणि म्हटलं, "शिकव."

वय वर्षं शेहेचाळीस. गोदामातल्या लोकांनी काम थांबवून रांगेत बसून बघितलं. मी त्यांना हाकललं नाही, कारण हाकलायला मागे वळावं लागलं असतं आणि मला वळता येत नव्हतं.

सेल्वमनं पहिला दिवस मला नुसतं पाडलं. "हातातलं आधी फेकायचं. गुडघे सैल सोडायचे. कुशीवर जायचं. तळहात जमिनीला टेकवायचा नाही, मनगट जातं." दुसऱ्या दिवशी बांधायचं कसं ते. उंच कट्ट्यावर बसून बांधायचं, बकला बाहेरच्या बाजूला, नाहीतर एका पायाची बकल दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकते. दोन्ही पायांच्या उंचीची भोकं मोजून बघायची. प्रत्येक नट हातानं फिरवून बघायचा, डोळ्यानं नव्हे. तिसऱ्या दिवशी मी चालले. पाय फरफटवायचा नाही, बगळ्यासारखा उचलायचा. मागे चालायचं नाही. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकायचं नाही, मग ती सोन्याची का असेना. पुट्टी संपली तर खालच्या माणसानं वर द्यायची, म्हणून खाली एक माणूस हवाच. पाणी, वायर, पायरी, भोक यांच्या वाटेला जायचं नाही. आणि खाली बघत राहायचं नाही.

"कीळे पाक्कादींग!" तो ओरडायचा. खाली बघू नका. "जागा चढायच्या आधी बघायची. चढल्यावर नाही. चढल्यावर बघणारा पडतो."

परत आल्यावर मी भिंतीवरचे तक्ते काढले आणि नवे लावले. त्यावर सेल्वमचीच वाक्यं होती. तो ते वाचून पुन्हा हसला, पण या वेळी बारीक.

मग पुढची दोन-तीन वर्षं मी ज्या थोर माणसांशी स्टिल्टच्या निमित्तानं बोलले त्यांची यादी केली तर हा अंक पुरायचा नाही. दोघांबद्दल सांगते.

एक होते सल्लागार. टाय लावून आले, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन्सिल. उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षा पट्टा हवाच, हा नियम त्यांनी मला सावकाश, शब्द सुटे करून समजावला. मी म्हटलं, पट्टा हवा, पण त्याचा हूक अडकवायचा कुठे? त्यांनी वर बोट दाखवलं. सीलिंगच्या पट्टीला. ती पट्टी स्वतःच्या बोर्डांचं वजन कुरकुरत पेलते. तिला सेल्वमला अडकवलं असतं तर तो पडताना सीलिंग बरोबर घेऊन आला असता, आणि ते त्याच्या डोक्यावर पडलं असतं. हे मी सांगितल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'सेफ्टी ऑफिसर सहकार्य करत नाहीत.'

दुसरे एका ग्राहक कंपनीचे तरुण अधिकारी. अणकुचीदार बुटांवर स्टिल्ट बांधून फोटो काढून घ्यायचा म्हणून हट्ट धरून बसले. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, मी रोज जिमला जातो." सेल्वम शेजारी उभा होता. त्यानं अत्यंत आदरानं त्यांना एका पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितलं. ते पाच आकडे मोजेपर्यंत माझ्या फायलींच्या कपाटावर जाऊन आदळले. फोटोचा विषय मिटला. कपाटाचं दार मात्र पुढे कधी नीट लागलं नाही.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मला वाटायला लागलं होतं की जगात मूर्ख फार आहेत आणि मी त्यातली नाही. अशा समजुतीत असलेल्या माणसाच्या हातून काय होतं ते आता सांगते.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर होते गोविंदराव. तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण ती मराठी माझ्या पणजीच्या वेळची, आणि चालीवर तमिळ. ऑफिसात ते माझ्याशी इंग्रजीत किंवा तमिळमध्ये बोलत. मराठी ते फक्त काम असलं की काढत, आणि मग मला 'अक्का' म्हणत. मला हे कळत होतं, आणि तरी दर वेळी त्या 'अक्का'ला मी भुलत होते. घरापासून इतक्या लांब कुणी आपल्या भाषेत हाक मारली की माणूस अर्धा विरघळतो.

एका चार मजली इमारतीचं काम संपत आलं होतं. मधोमध तळमजल्यापासून वरपर्यंत मोकळा चौक, भोवती प्रत्येक मजल्यावर सज्जा आणि सज्ज्याला स्टीलचा कठडा. उद्‌घाटनाचा दिवस ठरलेला. तिसऱ्या मजल्याच्या सज्ज्यावरचे सांधे राहिले होते. फरशीला नुकतं पॉलिश झालेलं, म्हणून चाकांची परांची न्यायला ग्राहकाची मनाई. चाकांचे ओरखडे उठतात. शिडीचेही उठतात. रबरी तळव्याचे उठत नाहीत. म्हणजे स्टिल्ट.

मी सरळ नाही म्हटलं. गोविंदराव तमिळमध्ये म्हणाले, "कठडा आहे ना मॅडम!"

"कठडा तुमच्या कमरेला येतो," मी म्हटलं. "सेल्वम स्टिल्टवर चढला की तोच कठडा त्याच्या नडगीला येणार. नडगीएवढ्या कठड्याला अडखळता येतं, धरता येत नाही."

दोन दिवस हा वाद चालला. मग तोडगा निघाला. कठड्यापासून सहा फुटांवर लाल फीत बांधायची, तिच्या पलीकडे स्टिल्ट जाणार नाही. कडेचे उरलेले सांधे उद्‌घाटन झाल्यावर फरशीवर गाद्या टाकून, परांची आणून करायचे. फरशी कोरडी. खाली एक माणूस कायम. रोज सकाळी मी जागा बघून कामाच्या परवान्यावर सही करायची. त्या परवान्याच्या तळाशी एक छापील ओळ असते: 'मी जागा स्वतः पाहिली आहे.' ती ओळ मीच घातली होती आणि मला तिचा अभिमान होता.

पहिले दोन दिवस मी तीन मजले चढून गेले, फीत मोजली, फरशीवर हात फिरवला, मग सही केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या खोलीत हजेरीचे कागद बघत होते. गोविंदराव आले. घाईत, कपाळावर घाम. परवाना माझ्यापुढे ठेवला.

"अक्का, सेल्वम तयार अहे. आज मोठे साहेब येणार. सही करा की."

"वर जाऊन येते."

"कालचंच जागा, अक्का. मी आत्ता बघून अलों. आपण मराठी लोक, आपणांत विश्वास नको का?"

मी सही केली.

कारण काय तर गुडघे दुखत होते. कारण काय तर दोन दिवस सगळं ठीक होतं. कारण काय तर त्यांनी 'आपण' म्हटलं. यातलं एकही कारण मी कुणा कामगाराकडून ऐकून घेतलं नसतं.

तासाभरानं मी दुसऱ्या मजल्यावर होते, तेव्हा चौकातून खाली काहीतरी पडल्याचा टणत्कार आला. मी कठड्यावरून वाकून बघितलं. तळमजल्याच्या फरशीवर सेल्वमचा पुट्टीचा पत्रा पडला होता. पत्र्यापाठोपाठ काय येतं याची वाट बघत मी किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. काही आलं नाही. मग मी धावले.

वर काय झालं होतं ते नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. मी सही केली तेव्हाच सजावटवाल्यांनी सज्ज्यावर कुंड्या आणायला सुरुवात केलेली होती. कुंड्यांना जागा हवी म्हणून लाल फीत सोडून कठड्यापासून दोन फुटांवर नेऊन बांधली. सेल्वमच्या खाली उभा राहायचा माणूस गोविंदरावांनीच कुंड्या उचलायला पाठवला. कुंड्यांना पाणी घातलं, ते निथळून पॉलिशच्या फरशीवर पसरलं. अशा फरशीवर पाणी दिसत नाही. परवान्यावर माझी सही बघून सेल्वम चढला होता आणि वर बघून काम करत होता, जसं करायला हवं तसं. त्याचा डावा तळवा पाण्यावर गेला आणि अंग कठड्याकडे कललं.

त्यानं हातातलं फेकलं. ताट आत पडलं, पत्रा बाहेर गेला. उजवा स्टिल्ट कठड्याच्या गजांत अडकला होता. पुढे गेला असता तर सरळ खाली. त्यानं कंबर पिळून स्वतःला आत टाकलं, आणि आत पडताना कुशीला जागा नव्हती, तिथे कुंड्या होत्या. म्हणून हात टेकला. जो कधी टेकवायचा नाही तो.

मी पोचले तेव्हा तो कुंड्यांच्या मातीत आडवा पडला होता, स्टिल्ट अजून पायाला. मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. मला बघून म्हणाला, "मॅडम, आधी पट्टे सोडा. उजव्या पायाचा ओढू नका, गजांतून काढा." मी पट्टे सोडले. माझ्या हाताला बकल सापडत नव्हती. "बाहेरच्या बाजूला," तो दातांवर दात धरून म्हणाला, "बाहेरच्या बाजूला असते."

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, गुडघ्याची वाटी फुटली होती. मोठे साहेब त्या दिवशी आलेच नाहीत.

चौथ्या दिवशी गोविंदरावांनी लिहिलेला अपघाताचा अहवाल माझ्या टेबलावर आला. दोन पानं, आणि शेवटी 'कारण' या रकान्यात तीन शब्द: कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. खाली माझ्या सहीला जागा सोडलेली. हे तीन शब्द वाचायला साधे दिसतात. आमच्या धंद्यात त्यांचा अर्थ असा की त्या माणसाचा प्रवेशपास रद्द होतो, त्याचं नाव एका यादीत जातं, आणि ती यादी एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे फिरते. मनगट बरं झालं असतं तरी सेल्वमला त्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एकाही फाटकातून कुणी आत घेतलं नसतं.

मी सही करायला नकार दिला. या वेळी नकार द्यायला मला कितीतरी जोर आला होता. चौकशी व्हावी आणि ती जागेवर व्हावी, असं मी लिहून दिलं. मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले. उंचेपुरे, मृदू बोलणारे, मल्याळी. तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं उभे राहिलो. कुंड्या होत्याच. उद्‌घाटन छान झालेलं होतं.

साहेबांनी कठड्यावर हात ठेवून हलवून बघितला. "मजबूत आहे," ते म्हणाले. "त्यानं हा धरला का नाही?"

मी पॅकिंगचं एक दणकट टेबल आणून कठड्यापासून दोन फुटांवर ठेवलं. "सर, यावर उभे राहा," मी म्हटलं. "मी तुमचा हात धरते."

गोविंदराव घाबरून "सर, नको" म्हणाले. साहेब हसले आणि चढले. उभे राहिले. मग त्यांनी समोर बघितलं, आणि मग जिथे कठडा असायला हवा तिथे, म्हणजे कमरेशी, हात नेला. हाताला काही लागलं नाही. कठडा खाली, त्यांच्या नडगीशी होता, आणि त्याच्यापलीकडे तीन मजले. माझ्या हातावरची त्यांची पकड एकदम घट्ट झाली. ते खाली वाकले, टेबलाची कड धरली, आणि लहान मूल जिन्यावरून उतरतं तसे पाठमोरे उतरले. उतरल्यावर काही वेळ ते खांबाला टेकून उभे राहिले.

मला काय आनंद झाला सांगू! इतक्या वर्षांचे सगळे टाय, सगळ्या पाट्या, सगळे 'कठडा आहे ना मॅडम' त्या खांबाला टेकून उभे होते.

मग साहेबांनी फाइल मागितली. परवाना काढला. त्या छापील ओळीवर बोट ठेवलं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"त्या दिवशी तुम्ही ही जागा पाहिली होती?"

तिथे मी थांबले. गोविंदराव माझ्या मागे उभे होते. साहेबांना मराठी येत नव्हती. मागून हळू आवाज आला, "पाहिली मणा, अक्का. कुंड्या मागून अल्या मणा. दोघंही सुटूं."

ते खरंच सोपं होतं. पाहिली होती, तेव्हा सगळं नियमाप्रमाणे होतं, कुंड्या नंतर आल्या. कुणी खोटं पाडू शकलं नसतं. फक्त मग प्रश्न उरला असता की फीत हललेली असताना, पाणी असताना, खाली माणूस नसताना सेल्वम कामाला चढलाच कसा? आणि त्याचं उत्तर पुन्हा तेच तीन शब्द झाले असते.

"नाही," मी म्हटलं. "मी खाली बसून सही केली."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. ज्या नजरेनं मी इतकी वर्षं त्या सल्लागारांकडे, त्या बुटवाल्याकडे बघत आले होते, ती नजर होती. मला ती चांगली ओळखीची होती, फक्त या बाजूनं कधी बघितली नव्हती.

अहवाल बदलला. कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं: जागेची पाहणी न करता दिलेला परवाना. मला ताकीदपत्र मिळालं, बढती गेली आणि बदली झाली ती गुम्मिडिपूंडीच्या गोदामात. गोविंदरावांना काही झालं नाही. परवान्यावर त्यांची सहीच नव्हती. शहाणा माणूस सही करत नाही, करवून घेतो. पुढे ते जनरल मॅनेजर झाले, आणि त्यांच्या खोलीत 'सेफ्टी फर्स्ट' असं लिहिलेली पितळी पाटी होती असं ऐकलं.

मी एन्नोरला सेल्वमच्या घरी गेले. बसमधून उतरल्यावर अंगावर वीजकेंद्राची राख बसते असा तो भाग. मल्लिका दारात मासळी वाळत घालत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, हात पुसले नाहीत, आत या म्हणाली नाही. म्हणाली, "हे म्हणतात मॅडम चांगल्या आहेत. मग तो कागद कुणी दिला?"

"मी दिला," मी म्हटलं.

ती मग बाजूला झाली.

आत सेल्वम प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता. मी त्याला अहवालात काय लिहिलं गेलं ते सांगितलं. त्याचा पास राहिला आहे हेही सांगितलं.  मला वाटलं आता रागावेल, किंवा आभार मानेल. दोन्हीची तयारी करून मी बसले होते.

"सगळं तुमच्यावर का घेतलंत?" तो म्हणाला. "फीत हलवणाऱ्या त्या कुंडीवाल्याला का सोडलंत?"

मी हसले नाही. हसायचा अधिकार तिथे माझा नव्हता. मल्लिकाही हसली नाही. कॉफी मात्र आली.

सेल्वमचं मनगट वाकडंच जुळलं. डोक्यावर हात धरून पुट्टी ओढण्याची ताकद परत आली नाही, आणि जत्रेतला नाच तर गुडघ्याबरोबरच गेला. याची भरपाई कुठल्याही अहवालानं होत नाही, माझ्या ताकीदपत्रानं तर नाहीच. मी गोदामात बसून साहेबांना पत्रामागून पत्रं लिहिली. म्हटलं, कंपनीत स्टिल्ट कळणारा एकच माणूस आहे आणि त्याला तुम्ही हेल्पर म्हणता. त्याला शिकवायला ठेवा. पाचव्या की सहाव्या पत्राला होकार आला. साहेब त्या टेबलावर चढले नसते तर आला नसता, याबद्दल मला शंका नाही.

तर सेल्वम गुम्मिडिपूंडीला आला, शिक्षक म्हणून. नवीन तुकडी आली की तो त्यांना फोमवर बसवायचा. स्टिल्ट बाजूला ठेवायचा. मला गोदामाच्या ऑफिसातून बोलावून घ्यायचा आणि सगळ्यांसमोर उभी करायचा. पहिल्यांदा मला वाटलं, ओळख करून देतोय.

"या मॅडम बघा," तो म्हणाला. "शिकलेल्या आहेत. कट्टैक्कालवर चालता येतं. सगळे नियम पाठ. यांनी एक दिवस जागा न बघता सही केली, म्हणून माझा हात असा आहे." आणि तो वाकडा हात वर करून दाखवायचा. "आता त्या बघितल्याशिवाय सही करत नाहीत. तुम्ही बघितल्याशिवाय चढू नका."

तुकडीतली माणसं माझ्याकडे बघायची. मी मान हलवायची आणि परत ऑफिसात जायची.

मी निवृत्त होईपर्यंत हे प्रत्येक तुकडीला झालं. एकदाही त्यानं वाक्य सौम्य केलं नाही, आणि एकदाही बोलावणं आल्यावर मी गेले नाही असं झालं नाही.